सहा मिनिटांची अंघोळ

बेगम बाजारात माझं बादल्या-मगांचं होलसेलचं दुकान. मागच्या कोपऱ्यात बिनझाकणाचे डबे नि चिरलेल्या बादल्या साठत जातात. विकता येत नाहीत, टाकवत नाहीत. आमच्या टेम्पोचे किस्से तसेच! घरी सांगायला लागलो की बायको टीव्हीचा आवाज वाढवते, म्हणून तुम्हाला धरलंय. तिखटमीठ माझं असेल, पाणी मात्र टाकीतलंच.

तर टेम्पो कसला? सिकंदराबाद स्टेशनाबाहेर फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी अंघोळीचा. मागे पत्र्याचं एकच न्हाणीघर, वर टाकी. चालवणारे आम्ही चौघं. कुकटपल्लीचे दामले, मूळ पुण्याचे, आयटीतले, नियम करणारे. गायकवाड सिस्टर, मूळ नांदेडच्या, सरकारी दवाखान्यात नर्स, नियम मोडणाऱ्या. यादगिरी ड्रायव्हर. आणि मी. माझ्याकडे बादल्या पुरवणं आणि मध्येमध्ये बोलणं, ही खाती.

* * *

पहिल्या दिवशी आम्ही टेम्पो लावला, मागचं दार उघडलं आणि हाक मारली, "या, अंघोळ करा!" पाच मिनिटांत अख्खा फुटपाथ रिकामा!

एक म्हातारा पळता येत नव्हतं म्हणून मागे राहिला. त्यानं हात जोडले. "कोई बडा आदमी आ रा क्या साब शहर में? मेरेकू नक्को उठाओ, मैं खुद जातूं."

म्हणजे आम्ही त्यांना उचलून न्यायला आलोय, असा समज! आता खरं पटवायचं कसं? दामले म्हणाले, "डेमो द्यावा लागेल." आणि आम्ही तिघांनी एकदम यादगिरीकडे पाहिलं.

बिचारा सकाळपासून तीन वेळा न्हाला. आत जायचा, ओला होऊन बाहेर यायचा, लोक लांबून बघायचे. तिसऱ्या वेळी म्हातारा जवळ आला आणि मला हळूच म्हणाला, "साब, ये आदमी बहुत गंदा था क्या?"

* * *

मग गर्दी वाढली आणि दामल्यांनी नियम काढला. माणशी सहा मिनिटं! सहा मिनिटं झाली की भोंगा वाजणार. भोंगा असा, की स्टेशनातली माणसं सामान उचलायची.

पहिलाच गडी भोंग्याला घाबरून डोक्यापासून पायापर्यंत फेसात बाहेर आला. नुसते डोळे दिसत होते. दामले शांतपणे म्हणाले, "पाण्याचं नियोजन आधी करायला हवं होतं."

तो फेस म्हणाला, "साब, तुमारे घर में भी ऐसाच भोंगा बजता क्या?"

सिस्टर म्हणाल्या, "घरी भोंगा नाही, बायको आहे."

* * *

दामल्यांच्या सोसायटीनं जुने कपडे पाठवले. त्यात एक नवरदेवाची शेरवानी! सोनेरी बुट्ट्यांची. फुटपाथवरच्या मल्लेशच्या अंगाला ती अशी बसली की जणू त्याच्याच मापानं शिवलेली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मल्लेश शेरवानीची घडी घेऊन हजर. तोंड उतरलेलं.

"कुछ पुराना देओ साब."

"का रे? राजासारखा दिसतोस!"

"येच तो लफडा है! कल दिनभर कोई एक रुपया नै दिया. उल्टा तीन जने मेरे सेच मांगे!"

* * *

आता जरा मंगळवारचं. मंगळवार बायकांचा ठेवला होता, कारण सिस्टरांनी तो भांडून घेतला होता. वॉर्डात त्यांच्याकडे अंगाला पाणी न मिळाल्यानं खरूज, गळवं घेऊन बायका यायच्या. पण तीन मंगळवार एकही बाई फिरकली नाही. पुरुष मात्र रस्त्यापलीकडून रिकाम्या टेम्पोकडे बघत बसायचे.

मी म्हटलं, "साबण वासाचा आणू." दामल्यांनी प्रश्नावली तयार केली, बावीस प्रश्नांची. सिस्टर तीन दिवस ड्युटीनंतर बायकांशेजारी फुटपाथवर जाऊन बसल्या. परत आल्या त्या कमरेवर हात ठेवूनच.

"तुम्ही दोघं अंघोळीला जाता तेव्हा घर कुणाच्या डोक्यावर ठेवून जाता?"

आमची तोंडं बघून त्यांनीच सांगितलं. प्रत्येकीचं एक गाठोडं. कपडे, ताट, रेशनकार्ड, लेकराचा फोटो, सगळं त्यात. ते बाहेर ठेवून आत जायचं, तर सांभाळणार कोण?

मी दुकानातला सगळ्यांत मोठा झाकणाचा ड्रम आणला. गाठोडी ड्रमात, झाकण ड्रमावर, सिस्टर झाकणावर! त्या मंगळवारी दोघी आल्या. त्यातली एक आत जाताना दरडावून म्हणाली, "अम्मा, तुम उठना नक्को. तुम उठे तो मैं साबण लगी वैसीच बाहर आती!"

सिस्टर दोन तास उठल्या नाहीत. चहासुद्धा झाकणावर.

पण दामले म्हणाले, "दोघींसाठी अख्खा दिवस अडवता येणार नाही. पुढच्या मंगळवारी बारापर्यंत पाच जणींची अंघोळ झाली तर दिवस बायकांचा. नाहीतर पुरुषांना द्यायचा." बारा वाजता ट्रॅफिक हवालदार टेम्पो हलवायला लावायचा, ते दामल्यांच्याही हातात नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "होतील पाच."

* * *

तो मंगळवार. सव्वाअकराला रांगेत बरोबर पाच जणी! सहा पंचे तीस, पंधरा मिनिटं वर. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

पहिली लक्ष्मम्मा. साठीची, काटकुळी, स्टेशनच्या जिन्याखाली राहणारी. गाठोडं सिस्टरांच्या हाती देताना दोनदा परत घेतलं, तिसऱ्यांदा दिलं आणि आत गेली.

सहा मिनिटं झाली. भोंगा वाजला. दार बंद. दहा झाली. पंधरा. पाण्याचा आवाज कधीच थांबला होता. पंचवीस! दामले घड्याळाकडे बघत घामाघूम. "सिस्टर, पाच काही होत नाहीत आता!"

सिस्टर पहिल्यांदाच ड्रमावरून उठल्या. गाठोड्यांवर मला बसवलं आणि दारावर टकटक केली. "लक्ष्मम्मा! तबियत ठीक है ना?"

"हौ अम्मा."

"नहाना हुआ?"

"कबका हो गया."

"फिर बाहर आओ ना! अंदर कायकू बैठे?"

आतून आवाज आला. "कडी लगाई मैं, अम्मा. बारा साल के बाद अंदर से कडी लगाई. जरा बैठने देओ."

रांगेत दुसरी होती कंगवे विकणारी यल्लम्मा. भांडणात तिच्यापुढे हमालसुद्धा टिकत नाहीत. आता ही दार तोडते, असं मला वाटलं. तिनं पदर खोचला आणि फुटपाथवर मांडी घालून बसली. "बैठने देओ उसकू." मग तिसरी बसली. चौथी. पाचवी.

बाराला तीन मिनिटं. यादगिरीनं सवयीनं इंजिन चालू केलं. पलीकडून शिट्टी फुंकत हवालदार यायला लागला.

दामल्यांनी एकदा बंद दाराकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग रस्ता ओलांडून सरळ हवालदारासमोर जाऊन उभे राहिले आणि आपल्या पुणेरी हिंदीत, छाती पुढे काढून म्हणाले,

"साहब, माफ कीजिए, टेम्पो स्टार्टच नहीं हो रहा है!"

त्यांच्या पाठीमागे टेम्पो धडधडत होता.