जमिनीलगतचा वारा

ईशाचा फोन आला तेव्हा आमच्या डमडमच्या बालवाडीवरून विमान जात होतं. इथे विमान आलं की बोलणं थांबवायची सवय सगळ्यांनाच लागते. पण ईशा रडत होती, ती थांबली नाही. "आई गेली" हे तिचे शब्द त्या आवाजात बुडाले आणि त्या पोरीला ते पुन्हा उच्चारावे लागले. अनुताई गेल्या... त्या गोष्टीला आता दीड महिना होईल. त्याआधी बालीगंजच्या घरी त्यांना भेटले होते, तेव्हा उशीला टेकून माझ्याशी हुज्जत घालत होत्या, की कोलकात्यात चांगले पोहे मिळत नाहीत हे माझं म्हणणं निव्वळ आळसाचं आहे.

अनुताई आर्किटेक्ट. माहेर सोलापूरचं, यजमानांच्या बँकेतल्या बदलीमुळे इथे आल्या आणि ते गेल्यावरही इथेच राहिल्या. मीही नवऱ्याच्या नोकरीपायी आलेली. मराठी मंडळात आमची ओळख झाली. भाड्याच्या खोल्यांत चालणाऱ्या बालवाडीची मी मुख्याध्यापिका होते. संस्थेला स्वतःची जागा मिळाली तेव्हा मी त्यांचं नाव सुचवलं. सचिव दत्तबाबूंना समोर काचा आणि खोलीखोलीत एसी हवा होता; पालक तेच बघतात, असं त्यांचं म्हणणं. अनुताईंनी त्यांच्या सोलापुरी वळणाच्या बंगालीत विचारलं, "एवढ्याशा पोरांना दिवसभर डब्यात बंद करायचं?" मला मात्र बाहेर आल्यावर मराठीत म्हणाल्या, "आमच्याकडचं ऊन जाड भिंतीने अडवता येतं गं. इथला घाम वाऱ्याशिवाय सुकत नाही." मग त्यांनी साऱ्या खोल्या दक्षिणेला तोंड करून एका ओळीत बसवल्या, पुढे खोल व्हरांडा, वर दुहेरी छप्पर, आणि तापलेली हवा निघून जावी म्हणून उत्तरेच्या भिंतीत उंचावर झरोके. दिवसा दिवा लावावा लागत नव्हता. सगळे खूश होते.

पहिल्याच उन्हाळ्यात मुलं घामोळ्यांनी लाल झाली. दुपारी चटईवर झोपवलं की रडत उठायची. पालकांच्या तक्रारी आल्या, काहींनी नावं काढायची भाषा सुरू केली. दत्तबाबूंनी एसीवाल्याला जागा दाखवायला बोलावलंसुद्धा. मी अनुताईंना कळवलं. त्या आल्या, वर्गात उभ्या राहिल्या, पदर हलताना बघितला आणि चक्रावल्या. वारा तर होता! मग काय वाटलं कोण जाणे, चप्पल काढून मुलांच्या मधोमध चटईवर आडव्या झाल्या. बराच वेळ तशाच पडून होत्या.

"माधवी, वारा माझ्या कपाळाला लागतोय. यांच्या अंगाला नाही," त्या उठत म्हणाल्या. "खिडक्या मी मोठ्या माणसांच्या उंचीला काढल्या. पोरं जमिनीवर असतात, हे मी कागदावर विसरले."

तेच त्यांनी दत्तबाबूंना जाऊन सांगितलं, आडपडदा न ठेवता. दक्षिणेची भिंत खाली जमिनीलगत फोडून जाळ्या बसवायच्या, असं म्हणताच ते उखडले. "नवी कोरी भिंत फोडणार? लोक हसतील!"

"हसू देत. नकाशा माझा होता, मलाच हसतील."

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम झालं. जाळ्यांना बाहेरून लाकडी झडपा लावल्या, पाऊस आत येऊ नये म्हणून. अनुताई रोज बालीगंजहून यायच्या, धुरळ्यात उभ्या राहायच्या, गवंड्यांवर ओरडायच्या, माझ्यावरही. स्वभाव तसा गोड नव्हताच. शाळा उघडली ती ऐन उकाड्यात. मुलं झोपली. दत्तबाबू दुपारचे येऊन दारातून बघून गेले. एसीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर कुठल्याही शाळेचा नकाशा काढायला घेतला की अनुताई आधी आमच्या वर्गात येऊन जमिनीवर बसायच्या. आजारपणात येणं थांबलं, तरी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असे, "झरोक्यांत कबुतरं तर नाही ना बसली?" तब्येतीचं विचारलं की फोन ठेवायच्या.

गेल्या आठवड्यात ईशा आली. ती इथेच वाढलेली, मराठी जरा अडखळत बोलते. आईची ही इमारत तिने बांधकाम चालू असताना पाहिली होती, मुलांनी भरलेली कधीच नाही. दुपारची वेळ होती, मुलं झोपली होती. आम्ही भिंतीला टेकून खाली बसलो.

"मावशी, आई कुठे झोपली होती?" तिने हळूच विचारलं. मी जागा दाखवली. तिथे एक मुलगी पालथी पडून झोपली होती, गाल जाळीकडे. ईशा तिच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात लाईट गेली. डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला.

"आता उठतील?" ईशा पुटपुटली.

"नाही," मी म्हटलं. जाळीतून वारा येतच होता. त्या मुलीने नुसती कूस बदलली. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.