देवकाबाईची चुकीची प्रार्थना

देवकाबाई प्रार्थनेला बसली की पांढुर्ण्याच्या त्या गल्लीत लोक भांडी घासायची थांबत. बाई प्रभूजवळ काहीच लपवून ठेवत नसे. "बापा, पुष्पाच्या सासूचे गुडघे बरे कर, अन् जमलं त जीभही," हे भिंतीपलीकडे सासूला नीट ऐकू जाई. पास्टर महिन्यातून एकदा नागपूरहून पॅसेंजरनं येत. मधल्या दिवसांत मंडळीची प्रार्थना बाईच सांभाळायची.

पण चौऱ्याऐंशी साली गावातल्या कापसाच्या जिनिंगला कायमचं कुलूप लागलं आणि तिथला फिटर, म्हणजे तिचा नवरा मनोहर, भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला तो पडलाच. दिवसाला अर्धी भाकरी, आणि बोलणं बंद. एकदाच बोलला होता, "तुह्या देवाले माहं नाव सांगू नको."

तीन आठवडे तिनं सांगितलं नाही. तसंही नवऱ्याचं नाव ती कधी घेत नव्हतीच. चौथ्या आठवड्यात ती अर्धी भाकरीही ताटात तशीच राहिली, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. दिवा लावून ती खाटेजवळ फतकल मारून बसली.

"हे स्वर्गीय बापा, नाव नाही सांगत, तुले समजते. या माणसानं जिनिंगमध्ये बारा वर्षं काढली..."

खाट करकरली. "अठरा."

"...बारा वर्षं. मोठी मशीन अडली होती, तवा थे याच्या संगच्या तुळशीरामनं चालू केली. यानं निस्ता पाना धरला."

"पाना धरला?" मनोहर ताडकन उठून बसला. "अवं, तुळशीराम तवा तिगावले बहिणीच्या घरी पोहे खाऊन राहिला होता! देवाजवळ खोटं बोलून राहिली तू!"

"मले काय सांगता? त्यालेच सांगा न. मले मशीनीतलं काय समजते?"

मनोहर आढ्याकडे बघून, बोट नाचवत सांगू लागला. पट्टा कसा तुटला, बेअरिंग कसं बसवलं, शेठ कसा बघत राहिला. सांगता सांगता त्यानं बोट आढ्यावर रोखलं. "हे सारं माहीत होतं तुले, त मंग मले काहून घरी बसवलं रे बापा?"

तो रडत होता आणि भांडतही होता. देवकाबाईनं आमेन म्हणायची अजिबात घाई केली नाही. चुलीवरची डाळ तळाला लागली तरी हलली नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं बाहीनं नाक पुसलं. "अन् तुळशीरामलेही काम भेटू दे. त्याले काही येत नाही, पण लेकरं आहेत. आमेन." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "डाळ जळून राहिली न वं! वाढतं का नाही?"