पांढऱ्या भिंतीवरचा अंगठा

“पाटी वर धर. आजून वर. अन् तिथंच थांब, फुडं येऊ नको.”

मास्तर आतून ओरडायचे. मी शाळेबाहेर, उन्हात, एका चपट्या दगडाजवळ उभा. आत पाटलाची, कुळंब्यांची पोरं तरटावर बसलेली. मी महाराचा. सरकारी हुकूम होता म्हणून नाव पटावर, अंग मात्र बाहेर. दोन्ही हातांनी पाटी डोक्यावर धरायची. मास्तर उंबऱ्यातूनच वाचायचे. चुकलं तर छडीनं हवेत अक्षर काढून दाखवायचे. तीन वर्षं मी उर्दू हवेतून शिकलो. मास्तरांनी माझ्या पाटीला एकदाही हात लावला नाही.

तरी मला ते देव वाटायचे. एकदा म्हणाले, “शाबास. तुझं अक्षर माझ्यावर गेलंय.” त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस उपाशीपोटी शाळेत गेलो.

तलवाड्याच्या अंगाला आमचं गाव. राज्य निजामाचं, म्हणून शाळा उर्दूत. वर्षातून एकदा शाळाखात्याचे मोठे साहेब तपासणीला यायचे. त्याआधी पोरांच्या घरच्यांनी शाळा सजवायची, असा रिवाज. पाटलाच्या घरून तोरण. कुळंब्यांच्या घरून नवी तरटं. आमच्या घरून माय. पांढरी माती खणायची, डोक्यावर वाहायची, भिंती पोतारायच्या. फक्त बाहेरून. आतल्या भिंतींना तिचा हात चालत नव्हता.

त्या दिवशी माय कोपरापर्यंत पांढरी झाली होती. पाटील आला. मागं मास्तर, हातात कागद.

“ए, हिकडं ये. आंगठा दे ह्याच्यावर.”

“कावून, मायबाप?”

“कावून म्हनं! पोरगं शिकलं तं मायला बी शिंगं फुटली. सायब येनार हायेत. लेकरांच्या मायबापाची हजेरी हाय ही.”

शाळेच्या ओट्यावर बसलेली गावची माणसं हसली. माय पण हसली. तिला खरंच आनंद झाला होता. साहेबाच्या कागदावर तिची हजेरी! तिनं अंगठा लुगड्याला पुसून पुसून लाल केला. मास्तरांनी कागद जमिनीवर ठेवला, वरूनच तिच्या अंगठ्यावर शाई ओतली आणि मागं सरले.

मी शेजारी माती कालवत होतो. कागदाकडं नजर गेली. अक्षर ओळखीचं. हवेत पाहिलेलं, आता शाईत. मी वाचलं. मग मराठी करून मोठ्यानं वाचलं :

“माझा मुलगा मी राजीखुशीनं शाळेतून काढून घेत आहे. आम्हांला शिक्षणाची गरज नाही.”

साहेबांनी विचारलं असतं, हे पोर उन्हात का? त्यावर हा इलाज.

“गप बे! तुला कोन इचारलं?” पाटील ओरडला.

मायनं पाटलाकडं पाहिलंच नाही. तिनं मास्तरांकडं पाहिलं.

“मास्तर, हे तुमी लिव्हलं?”

मास्तर जमिनीकडं बघत म्हणाले, “मला हितं नोकरी करायची हाय, बाई.”

पाटलानं शिवी दिली असती तर मी विसरलो असतो. हे वाक्य नाही विसरलो.

माय उठली. शाईनं भरलेला अंगठा तिनं स्वतःच पोतारलेल्या ओल्या भिंतीवर दाबला.

“हजेरी पायजे ना? ही घ्या.”

पाटलानं लाथेनं मातीचं घमेलं उलथवलं. मायला झिंज्या धरून ढकललं. मास्तर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या डागावर कुणीतरी पुन्हा पोतारा फिरवला होता. माझा दगड जागेवर नव्हता. चावडीचे दोन गडी वाट अडवून उभे. साहेब तोरणाखालून आत गेले, जेवले, निघून गेले. माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

पटावर माझ्या नावापुढं काय लिहिलं, मला माहीत नाही. म्हणून इथं लिहितो. माझ्या मायनं मला शाळेतून काढलं नाही. तुम्ही काढलंत.

आता आमच्या वस्तीत कागद आला की आधी मी वाचतो. मोठ्यानं, चारचौघांत, आणणाऱ्याच्या तोंडावर. तोवर एकही अंगठा पुढं होत नाही. त्यापायी दोनदा मार खाल्ला. पुन्हा खाईन.

मास्तर, तुमचं अक्षर अजून माझ्या हातात आहे. ते मी तुमच्याविरुद्ध वापरणार आहे.