क्यूवर टिकली

अक्का समीकरणं कुजबुजायची. वर्गातले बाकीचे फळ्यावरचं वहीत उतरवत. अक्का ते माझ्या कानात उतरवायची आणि मी लॅपटॉपवर.

माझी नजर अधू. सोलापुरात एम.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलं तेव्हा पहिल्या बाकावरूनही फळा धुक्यासारखा दिसे. स्क्रीनवर अक्षरं हवी तेवढी मोठी करता येत, पण फळ्यावर काय आहे हे सांगणारं कुणीतरी लागायचंच. अक्का वर्गात वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांचीच अक्का; होटगीहून रेल्वेनं यायची. मुलगी शाळेत जायला लागल्यावर पुन्हा शिकायला आलेली. पहिल्याच आठवड्यात ती माझ्याशेजारी सरकली आणि म्हणाली, "मी वाचते, तू बडव."

सुरुवातीला ती 'क्यू डॉट' म्हणाली, म्हणजे डोक्यावर ठिपका असलेला क्यू, आणि मी क्यूपुढे गुणाकाराचा ठिपका दिला. पुढचं पानभर गणित चुकलं. दुसऱ्या दिवसापासून क्यूवर टिकली आली. "टिकली कुठं लावायची ते सांगावं लागत न्हाय," ती म्हणाली. "डॉट कुठंबी पडतो की." मग बाकीच्या चिन्हांसाठी टोपी आली, शेंडी आली, वाकडा डी आला. कॉम्प्युटरलाही मी तेच शब्द शिकवले. टिकली टाइप केलं की अक्षराच्या डोक्यावर ठिपका.

सर फळ्याकडे तोंड करून मुकाट्यानं लिहायचे. त्यांना ही कुजबुज खपत नसे. एकदा खडू थांबवून म्हणाले, "अक्का, हा वर्ग आहे की बांगड्यांचं दुकान?"

वर्ग हसला. अक्काही हसली. "तुमी मोठ्यानं वाचा सर, मी गप बसते की."

सर पुन्हा लिहू लागले.

मी "झालं" म्हटल्याशिवाय अक्का पुढच्या ओळीकडे वळायची नाही. त्यामुळे तिची स्वतःची वही कायम अर्धी. परतताना गाडीत ती माझ्याच नोट्स मोबाइलवर वाचायची.

दिवाळीच्या सुट्टीत तिला डेंग्यू झाला. सुट्टी संपायच्या आत ती गेली.

कॉलेज उघडलं त्या दिवशी मी शिक्षण सोडायचं ठरवूनच आले होते. तास संपला की ऑफिसात जाऊन नाव काढून घ्यायचं. लॅपटॉप उघडला तो केवळ सवयीनं. सर आले, हजेरी झाली. खडू फळ्यावर टेकला आणि त्याच्याबरोबर त्यांचा आवाज आला, सावकाश, फळ्याकडे तोंड असलेला.

"वाकडा डी एल. भागिले, वाकडा डी क्यू. क्यूवर टिकली."

कुणी हसलं नाही. माझी बोटं चालू लागली. ओळ संपली, तरी खडू पुढे सरकेना. सर कशासाठी थांबलेत, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"झालं, सर," मी म्हटलं.