पायरीखालचा चपलांचा एकच जोड

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची माफी असावी. चौथीनंतर हातात पेन आलं ते मुलीच्या वहीची पानं उरली म्हणून. ही वही कोणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी.

दर बुधवारी आम्ही मुर्रीहून अर्जुनीच्या बाजाराला जायचो. हे गाडी चालवायचे, मागे कांदे-लसणाची पोती, मी खिडकीशी. दोन-अडीच तासांची वाट. बोलायला मी लाजते, गिऱ्हाइकाला भावसुद्धा हेच सांगायचे. पण बघायला कसली लाज? सायकलला कोंबडा टांगून कोणी चालला, की तो सासुरवाडीला निघाला असं मी ठरवून टाकायची. कोंबडा परत येणार नाही, हेही. बसची वाट बघत एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले नवरा-बायको कशावरून भांडले, तेही मला माहीत असायचं. हे हसायचे.

"अख्ख्या जिल्ह्याचे संसार तूच चालवून राहिली!"

गोरेगावच्या पुढे रस्त्याला लागून एक घर होतं. दारात एक म्हातारी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसायची. नेहमी एकटी. पायरीखाली चपलांचा एकच जोड. त्या एका जोडावरून मी सगळं जुळवलं. नवरा दुसरी करून रायपूरला गेला, मूलबाळ नाही, एकटीपुरता भात शिजतो. ते घर जवळ आलं की मला भरून यायचं.

"एवढं वाटते तं उतर आन रड तिच्या गळ्यात पडून," हे म्हणायचे.

एका बुधवारी नेमकं तिच्या घरासमोर टायर बसलं. पंक्चरवाला शेजारीच होता, पण यांचं पाकीट घरी, दुसऱ्या पँटमध्ये. माल विकल्याशिवाय हातात पैसा नाही. म्हातारीनं सुपाखालून पन्नासची नोट काढून दिली. मी मान खाली घालून उभी.

"बाई मुकी आहे का?" तिनं यांना विचारलं.

संध्याकाळी परतताना यांनी पन्नास रुपये पुढे केले, तर घेईना.

"एकदम कायले? पाच बुधवार, दहा-दहा. आन तुमच्या हातचे घेत नाही मी. मुकीले पाठवजा."

पहिल्या बुधवारी मी नोट सुपाजवळ ठेवली आणि पळाली. दुसऱ्या बुधवारी तिनं मनगट धरलं. "दर वेळी गाडीतून पाह्यत जाते. काऊन पाह्यते, सांग." मी घाबरून कोंबडेवाल्याचं सांगितलं. ती खो-खो हसली. तिसऱ्या वेळी बसवाले नवरा-बायको झाले. घरच्याशिवाय मी कोणाशी इतकं बोलली नव्हती, आणि मला तिथं बसावंसं वाटू लागलं होतं.

चौथ्या बुधवारी तिनं विचारलं, "आन माह्यं काय ठरवलं तुनं?"

"पुढच्या खेपेला सांगतो, मावशी," म्हणून मी उठली. तो आठवडा घास गोड लागला नाही. खोटं मला जमत नाही, आणि खरं ऐकून तिनं दारात उभं केलं नसतं.

पाचव्या बुधवारी, नोट मुठीत धरून, पायरीकडे बघत मी सगळं सांगितलं. रायपूरसकट. ती मान वळवून ओरडली, "अवो! या न बाहेर! तुम्ही मले सोडून रायपूरले गेले म्हणते हे बाई!"

घराला वळसा घालून एक म्हातारा आला. त्याच्यामागे दोन मुलगे, सुना, नातवंडं. अंगण भरलं. पुढच्या दारानं कोणी गेलं-आलं की सुपातली तंबाखू उडते, म्हणून कित्येक वर्षं तिनं सगळ्यांना मागच्या दारी लावलं होतं. चपलांचा ढीग तिकडे परसात.

म्हातारा मला म्हणाला, "रायपूरले कुठची जाऊ देते! पुढच्या दारातून जाऊ देत नाही."

हे गाडीत बसून हॉर्नच वाजवत राहिले. म्हातारीनं हसून पाणावलेले डोळे पुसले आणि माझी मूठ उघडली. नोट घामानं ओली झाली होती. तिनं ती सुपाच्या काठावर वाळत घातली.

"फिटले पन्नास," ती म्हणाली.