एका ब्लाऊजला किती वेळ

आमच्या गावात देणगी दिली की नाव लागतं. देवळाच्या पायरीवर, स्मशानातल्या बाकावर, शाळेच्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा. पंखा बंद असला तरच ते वाचता येतं, आणि तो बंदच असतो. त्यामुळे चौकात कॅमेरा बसवायचं ठरलं तेव्हा खांबावर देणगीदारांची स्टीलची पाटी आधी आली आणि कॅमेरा दोन महिन्यांनी आला. पाटीवर माझंही नाव आहे. शेवटून दुसरं आहे, पण आहे.

गाव तिसगावच्या अलीकडं, पाऊस चुकारपणा करतो त्या बाजूला. चौकात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान. पुढं मशीन, मागं पडदा, पडद्यामागं माप घ्यायची जागा आणि तिथून मागच्या बोळात उघडणारं एक दार. दिवाळीच्या गर्दीत पिको-फॉलला आलेल्या दोन साड्या दुकानाच्या पायरीवरून गेल्या आणि मी गाव डोक्यावर घेतलं. ग्रामसभेत उभी राहिले आणि म्हणाले, कॅमेरा बसवाच, आणि तोंड माझ्या दुकानाकडं करा. कुणीतरी मागून म्हणालं, बायाबापड्यांची ये-जा असते तिथं. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "ज्यानं काही केलं न्हाई त्याला कसली भीती?" टाळ्या पडल्या. आयुष्यात मला टाळ्या पडल्या त्या एवढ्याच, आणि त्या कशावर पडल्या हे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. त्या दोन साड्या पुढं त्या गिऱ्हाइकिणीच्याच पेटीत निघाल्या. तिनंच नेल्या होत्या आणि विसरली होती. पण तोवर खांब रोवून झाला होता.

आता हा कॅमेरा कुणी बघायचा? कागदावर ग्रामपंचायतीनं. पण देणगीदार म्हणाले, आमी वर्गणी दिली ती काय पाटी वाचायला? मग सगळ्या देणगीदारांच्या मोबाईलवर पासवर्ड आला. त्यात सगळ्यात मोठे देणगीदार म्हणजे सरपंचबाईंचे मालक. सरपंच बाई आहेत, सरपंचकी मालक करतात, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय ते ऊसतोडीचे मुकादम. दर साली दिवाळीनंतर गावातल्या जोड्या गोळा करून शुगर फॅक्टरीला नेतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बायको आली नाही तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याचं तोंड मुकादमाला बघवत नाही.

मालकांनी खांबावर भोंगाही लावून घेतला. घरी पलंगावर लोळत मोबाईल बघायचा आणि भोंग्यावर बोलायचं. "लाल लुगड्यातल्या मावशी, ती पिशवी उचला." "देवळाच्या भिंतीला तोंड करून उभं राहिलेले पाव्हणे, वळू नका, आधी आवरून घ्या." पहिला आठवडा गाव हसून हसून लोळलं. पुढं पारावर बसणारी म्हातारी मंडळी देवळाच्या मागं जाऊन बसायला लागली. थुंकणारे चार पावलं पलीकडं जाऊन थुंकायला लागले. कॅमेऱ्याला दिसतं तेवढं गाव स्वच्छ झालं, आणि तेवढ्याचाच फोटो तालुक्याला गेला.

आणि मी? मी कुणाला नावं ठेवू? हुका लावता लावता मोबाईल मशीनला टेकवून ठेवायचे आणि बघत बसायचे. कोण बाजाराला गेलं, पिशवी भरून आली का रिकामी, कुणाची लेक माहेरी आली आणि जावई सोबत आहे का नाही. टीव्हीवरच्या मालिका मी त्या वर्षी सोडल्या. गिऱ्हाईक आलं की मीच सांगायचे, "काल दुपारी कुठं गेल्ता गं दोघी?" ती दचकायची आणि मला मजा वाटायची. खोटं कशाला बोलू, लई मजा वाटायची.

माझ्याकडं एक सून यायची. वीस-एकवीसची. बारावीला इंग्रजीत दांडी उडाली म्हणून बापानं लग्न लावून दिलेलं. लग्नाच्या वर्षीच नवऱ्यासोबत उसात गेली. सहा महिने पाचटात, खोपीत, पहाटे उठून मोळ्या बांधायच्या. परत आली ती हातांचं साल सोलून. एकदा ब्लाऊजचं माप देताना म्हणाली, "ताई, अंगनवाडीला बारावी लागती ना?" मी म्हणाले, लागती. "मग माझा एकच पेपर राह्यलाय." एवढंच म्हणाली, पण मला कळलं. एक पेपर निघाला, पुढं कधी अंगणवाडीत जागा निघाली, तर कोयता सुटला. तिला तेवढंच पाहिजे होतं.

घरात सांगायची सोय नव्हती. सासू म्हणाली असती, शिकून कुणाचं भलं झालं, आणि सासरा मुकादमाच्या शब्दाबाहेर नव्हता. मग आमचं ठरलं. जुलैच्या परीक्षेला तिनं गुपचूप फॉर्म भरला, आणि दुपारी सासू दळणाला किंवा शेजारी गेली की ब्लाऊजच्या नावाखाली ती माझ्याकडं यायची. पडद्यामागं बसून गाईड वाचायची. शिकवणार कोण, तर मी. मी स्वतः इंग्रजीत काठावर पास! पण पत्रलेखन तेवढं येत होतं. ती कटिंगच्या खाकी कागदावर स्पेलिंगं लिहायची. मी कागद कापायला घेतला की बाहीच्या मुंढ्याच्या गोलाईवर वाकडेतिकडे शब्द निघायचे. ते बघून मला उगाच भरून यायचं.

आणि गंमत बघा, तिला बोलवायला मी कॅमेराच वापरायचे. सासू दळण घेऊन चौकातून निघाली की मोबाईलवर दिसायची. मी मिस्ड कॉल द्यायचे. मला वाटायचं, मी किती हुशार. कॅमेरा माझ्या बाजूनं आहे.

तो सगळ्यांच्याच बाजूनं होता. जूनच्या एका दुपारी भोंगा बोलला, "टेलरबाई, एका ब्लाऊजला किती वेळ लागतो हो?" चौक हसला. मी मशीन थांबवलं नाही. पडद्यामागं गाईडचं पान उलटायचा आवाज थांबला.

आता कॅमेऱ्याला माझं पुढचं दार दिसतं. मागचं दिसत नाही. बाई आत गेली, तासभर बाहेर आली नाही, एवढंच त्यात होतं. बाकी सगळं गावानं स्वतःच्या खर्चानं जोडलं. मागच्या बोळात एक मोबाईल दुरुस्तीवाला बसतो. बेचाळीस वर्षांचा, कमरेला पट्टा, शिंक आली तरी भिंत धरणारा. आठ दिवसांत त्याचं आणि तिचं नाव जोडून झालं. तो बिचारा माझ्याकडं येऊन म्हणाला, "वहिनी, मला तर त्या बाईचं त्वांड बी ठावं न्हाई." मी म्हणाले, गप बसा, तुमचं काय वाईट होतंय, भाव वाढलाय तुमचा.

पण मला हसू येत नव्हतं. तिनं काही केलं नव्हतं. आणि काही केलं नाही हे दाखवायचं, तर जे केलं होतं ते उघडं करावं लागणार होतं. मी तिला म्हणाले, थोडे दिवस येऊ नको. ती म्हणाली, "ताई, परीक्षा पुढल्या महिन्यात हाय. घरी कुठं वाचू? चुलीम्होरं?" आणि मला शपथ घातली. काय वाट्टेल ते होवो, बोलायचं नाही.

चौथ्या दिवशी सासू आली. पिठाचा डबा काखेत तसाच. दुकानाच्या पायरीवर उभी राहून, चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टेलरबाई, माझी सून तुमच्या मागच्या दारानं कुठं जाती ते सांगा."

सून पडदा सरकवून बाहेर आली. तोंड पांढरंफटक. चौकात वीस-पंचवीस माणसं थांबलेली, आणि वरून तो खांब. मोबाईलवर किती असतील देव जाणे. सासू म्हणाली, "बोल की. का टेलरबाई दलाली करत्यात तुजी?"

इथं मी गप बसायला पाहिजे होतं. शिव्या द्यायच्या होत्या, रडायचं होतं, डबा फेकून द्यायचा होता. पण मी फाटक्या तोंडाची बाई. सून मानेनं नाही नाही म्हणत होती ते मला दिसत होतं. तरी मी ओरडले, "अभ्यास करती ती! बारावीचा पेपर द्यायचाय तिला. इंग्रजीत नापास झाल्ती, ते काढायचंय. बघा, हे गाईड!" आणि गाईड वर धरून कॅमेऱ्याला दाखवलं. मी! देवाला निरांजन ओवाळावं तसं दाखवलं.

सासू खाली बसली. मला वाटलं, मी जिंकले.

पाच मिनिटांत मालक स्वतः आले. पायात चप्पल न घालता. "वा वा वा," म्हणाले, "वहिनी, आधी का न्हाई सांगितलं? गावाची सून शिकतीया आन गावालाच ठावं न्हाई?" आणि तिथल्या तिथं सत्कार जाहीर केला. मुकादम आहे बाबा तो, माणसं हाताळायची कशी हे त्याला कुणी शिकवायला नको. उघड शिकू नको म्हटलं असतं तर लोकांनी नावं ठेवली असती. सत्कार केल्यावर कोण काय म्हणणार?

रविवारी ग्रामपंचायतीपुढं शाल, नारळ, गुलाबाचं फूल. चौकात फ्लेक्स. वर लिहिलेलं, ‘जिद्दीला सलाम’. मालकांचा हात जोडलेला फोटो माणसाएवढा आणि कोपऱ्यात तिचा, पापडाएवढा. तो फोटो कुठला, तर कॅमेऱ्यातला. माझ्या दुकानाची पायरी चढताना, पाठमोरी, अर्धं तोंड मागं वळलेलं, कुणी बघत नाही ना हे बघतानाचं. ‘इंग्रजी विषयात पुन्हा झेप’ असंही खाली होतं, म्हणजे ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळावं की बाई नापास आहे. गावच्या ग्रुपवर टाकायला म्हणून मालकांनी तिच्या हॉलतिकिटाचाही फोटो काढून घेतला. ती शाल पांघरून उभी होती. टाळ्यांत माझाही हात होता. नसता वाजवला तर बरं दिसलं नसतं.

मग ती उजळ माथ्यानं माझ्याकडं यायला लागली. सासूच सोडायला यायची. आणि एक अक्षर तिच्या डोक्यात शिरेना. येणारा-जाणारा पडदा बाजूला करून बघायचा. "एबीसीडी झाली का?" "आमच्या पोरीचं नाव इंग्रजीत लिहून दाव." दळणाला गेली तर गिरणीवाला विचारायचा, किती धडे झाले. आंघोळीला उशीर झाला तर सासरा म्हणायचा, अभ्यास कधी करणार, गावात काय तोंड दाखवू. पेपरच्या दिवशी मालकांनी पाथर्डीला जायला आपली जीप दिली. चौकात आरती ओवाळली. मी मोबाईलवर बघितलं, ती जीपमध्ये बसली तेव्हा हात पदरात दडवून बसली होती.

निकालाच्या दिवशी ती माझ्याकडं यायला निघाली होती. आम्ही दोघींनीच बघायचा असं ठरलेलं. ती चौकात पोचली आणि भोंगा वाजला. सीट नंबर मालकांकडं होताच. "गावकऱ्यांना कळवण्यात दुःख होतंय," मालकांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "थोडक्यात हुकलं. पन आमच्या ताईनी खचून जाऊ नये. गाव पाठीशी हाय." ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मग वळली आणि घरी गेली. फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरवला. दुसऱ्या दिवशी त्या कापडानं कुणाची तरी वैरण झाकलेली दिसली.

दिवाळी झाली. टोळी निघायच्या दोन दिवस आधी ती आली. नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणला होता. उसाच्या पानांनी हात कापतात म्हणून बाया साडीवर शर्ट घालतात, त्याच्या बाह्या तिला मनगटाशी घट्ट करून पाहिजे होत्या. मी टेप लावायला हात धरला, आणि मला धीर धरवेना. म्हणाले, "चुकलं गं माझं. तू न्हाई म्हनत हुतीस, तरी मी बोलले."

"तुमी माझ्या चांगल्यासाठीच बोलला," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. "पयल्यांदा नापास झाले ना ताई, तवा चार दिस कुनाला सांगितलं नव्हतं. शेरडं चारायला न्यायची आन तिकडं बसून रडायची. मग आईला सांगितलं. आवंदा मला गावानं सांगितलं."

मी बाह्या आत घातल्या, शिलाई मारली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "परत बसनार ना? हंगामावरनं आलीस की ये. आता मी मागचं दारच उघडं ठेवते. कुनाला कळू देनार न्हाई."

तिनं शर्ट घडी घालून पिशवीत ठेवला.

"बसनार हाय की," ती म्हणाली. "पन कवा बसनार, ते तुमाला बी सांगनार न्हाई."