तळ्यावरच्या डॉक्टरीणबाई

आमच्याकडे आलेला पाहुणा आधी ओसरीवर टेकतो, पाणी पितो, मग बोलतो. डॉक्टरीणबाई मात्र स्कूटर फाटकाशी लावून थेट तळ्यावर जायच्या. काठावर उकिडव्या बसून ओंजळीत पाणी घ्यायच्या, त्याचा वास घ्यायच्या आणि मगच मागे वळून म्हणायच्या, "हं, आता चहा टाक." वास पटला नाही, तर चहाही नको असायचा.

मत्स्य खात्यात माशांच्या रोगांचं काम करून निवृत्त झाल्यावर त्या कासार आंबोलीत राहायला आल्या होत्या. आम्ही खाचराच्या कडेला शेततळं खोदून रोहू-कटला हे मासे सोडले, तेव्हा आम्हाला त्यातलं काहीच कळत नव्हतं. कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं. मी भीत भीत विचारायला गेले, तर त्या बोलता बोलता चपला शोधायला लागल्या. "मासा काही सांगायला येत नाही गं. आपणच जाऊन बघायचं असतं."

नवी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं आणली, की ती आधी मिठाच्या पाण्यात बुडवून काढायला लावायच्या. मला घाई व्हायची. त्या म्हणायच्या, "पाहुण्याला पाय धुऊनच घरात घेता ना?"

गंमत म्हणजे त्या स्वतः मासे खात नसत. सासूबाईंना याचं भारी नवल. "खात न्हाई, तर मग येवडा जीव कशापायी टाकता वो?"

"शाळेतल्या बाई पोरं खातात का, आजी?"

सासूबाई तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत होत्या.

एका उन्हाळ्यात मासे वेड्यासारखे वागायला लागले. उसळ्या मारायचे, बांधाला अंग घासायचे, खाद्याकडे फिरकायचे नाहीत. एक धरून पाहिला, तर अंगावर लाल डाग आणि चिकटलेल्या चपट्या, काचेसारख्या उवा. रोज दोन-चार मासे उलटे तरंगायला लागले. मालकांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, भातावर फवारायचं जहाल औषध आणलं आणि डबा घेऊन ते काठावर गेले. मी बाईंना फोन केला होता. त्या येऊन मालकांसमोर उभ्या राहिल्या.

"हे ओतलंत आणि पावसाळ्यात तळं भरून वाहिलं, तर पाणी कुठं जाईल?"

"ओढ्याला जाईल. आजून कुटं?"

"आणि ओढ्याचं पाणी खालच्या वाडीत कोण पितं?"

वाडीतल्या बायका आमच्याच भातलावणीला यायच्या. मालक उसळलेच. "मग काय मासं मरताना बगत बसू? तुमचं काय जातंय? तुमाला पेन्शन हाय!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "माझं काही जात नाही, खरंय. पण उद्यापासून मी रोज येणार. तो डबा तेवढा बंद करा."

आणि त्या आल्या. त्यांनी तळ्यात बांबू रोवायला लावले. माशांच्या उवा अंडी घालायला टणक जागा शोधतात. बांबूवर अंडी दिसली, की तो उपसून खरवडायचा, कडक उन्हात टाकायचा आणि त्या जागी दुसरा रोवायचा. जास्त लागण झालेले मासे टबात घेऊन बाई चिमट्याने एकेक ऊ काढायच्या. मेलेले चुना टाकून दूर पुरायला लावायच्या. बरेच मोठे मासे गेले. पण हळूहळू तरंगणं थांबलं, आणि एका सकाळी खाद्य टाकल्याबरोबर तळ्यात खळबळ उडाली. मालक बाईंना म्हणाले, "बाई, त्या दिशी तोंड लई सुटलं माजं." त्या म्हणाल्या, "मासे मरत होते. सुटणारच."

जवळच्याच चांदे गावातल्या एका शेतकऱ्याकडून आलेल्या ओल्या जाळ्यातून ही पीडा आली, हे कळल्यावर मालक भांडायलाच निघाले होते. बाईंनी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. "जाऊ या की. पण भांडायला नको. त्याचेही मासे मरत असतील बिचाऱ्याचे." खरंच मरत होते. त्या दिवशी मालक दुसऱ्याच्या तळ्यात बांबू रोवून आले.

आजूबाजूच्या जमिनी एकेक करून विकल्या गेल्या. आमची राहिली ती तळं टिकलं म्हणून, आणि तळं टिकलं ते बाईंमुळे. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हटलं, की त्या लगेच दुसरा विषय काढायच्या.

पुढे गुडघे थकले, तशा त्या मुलाकडे नाशिकला गेल्या. फोन यायचा, तर माझ्या तब्येतीच्या आधी पाण्याच्या रंगाची चौकशी असायची.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मासे काढत होतो. जाळं अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. आई पहाटे गेली म्हणाला. माझ्या हातातला दोर सुटला.

"दोर धर," मालक म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "मासं कोंडल्यात जाळ्यात. आपुन हितं रडत बसलो, तर बाई वरडतील."

आम्ही दोघांनी जाळं काठाला आणलं. टेम्पो भरून गेला. मी खाली बसून मोकळेपणी रडले. मालक तोंड धुतो म्हणून पाण्यात उतरले, ते बराच वेळ कमरेएवढ्या पाण्यात पाठमोरेच उभे राहिले.